प्रकल्प नोंदी: फॉरिन की स्कीमात आहे, कनेक्शनवर नाही

३ मार्च २०२५

टेस्टिंग बघणारी सहकारी सकाळी आली आणि म्हणाली, "तपासणी ४११७ उघड बरं." उघडली. एका पंपाची तपासणी, तिच्याखाली सहा मोजमापं: तीन बेअरिंगच्या तापमानाची, तीन तेलाच्या दाबाची. "अगं, या पंपाला तेलाचा दाब मोजायची सोयच नाहीये. मग ही तीन आली कुठून?"

आमची मांडणी साधी आहे. यंत्रं, तपासण्या आणि मोजमापं अशी तीन टेबलं. मोजमापाच्या टेबलात तपासणी क्रमांकावर फॉरिन की, म्हणजे तो क्रमांक तपासण्यांच्या टेबलात असलाच पाहिजे हा नियम, आणि तपासणी पुसली की तिची मोजमापंही जावीत म्हणून कॅस्केड. वरचा कोड एकच असला तरी खाली तीन डेटाबेस आहेत: यंत्राजवळच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट, मध्यवर्ती सर्व्हरवर पोस्टग्रेस, आणि एका जुन्या इन्स्टॉलेशनवर अजून मायएसक्यूएल.

त्या तीन दाबांच्या वेळा पाहिल्या. मोजमापं ११.२२ ची, आणि तपासणी ४११७ तयार झाली ११.४० ला. आईच्या आधी लेकरं जन्मलेली.

दुपारपर्यंत उलगडा झाला. कुणीतरी कंप्रेसरची तपासणी चुकून दोनदा भरली आणि दुसरी लगेच पुसली. पुसताना तिची मोजमापं मात्र मागे राहिली. पुसलेली तपासणी टेबलातली शेवटची होती. एसक्यूलाइटमध्ये पूर्णांक प्रायमरी कीला (नोंदीची ओळख असलेल्या क्रमांकाला) ऑटोइन्क्रिमेंट (वापरलेला क्रमांक पुन्हा न देण्याची सोय) लावलेलं नसेल, तर नवा क्रमांक म्हणजे आत्ता असलेल्यांतला सर्वांत मोठा अधिक एक. ४११७ गेला, सर्वांत मोठा ४११६ उरला, आणि पुढच्या पंपाच्या तपासणीला पुन्हा ४११७ मिळाला. कंप्रेसरची मोजमापं अलगद पंपाच्या नावावर जमा.

मग सगळं टेबल चाळलं. ज्यांची तपासणीच अस्तित्वात नाही अशी २,३०७ मोजमापं निघाली. ती निदान एका क्वेरीत सापडतात. मला झोप लागू देणार नाहीत त्या दुसऱ्या रो (टेबलातल्या नोंदी), ज्यांना परकी आई मिळाली आहे. दोन टेबलं जुळवून बघणारी क्वेरी, म्हणजे कुठलाही जॉइन, त्यांना चूक म्हणणार नाही.

४ मार्च

स्कीमात (टेबलांच्या लिहिलेल्या मांडणीत) फॉरिन की आहे, कॅस्केड आहे, स्पेलिंग बरोबर आहे. माझ्या मशीनवर डेटाबेस ब्राउझ करायच्या टूलमधून एक तपासणी पुसली तर मोजमापंही गेली. तासभर यातच गेला. मग आमच्या प्रोग्रॅमच्या कनेक्शनवरून विचारलं: फॉरिन कीज हा प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग वाचायची आणि बदलायची आज्ञा) काय आहे? उत्तर ०. टूलच्या कनेक्शनवर उत्तर १. फाइल तीच, टेबल तेच, की तीच.

एसक्यूलाइटमध्ये फॉरिन कीची अंमलबजावणी आली ती ऑक्टोबर २००९ मध्ये, ३.६.१९ या आवृत्तीत. त्याआधी फॉरिन कीचं वाक्य वाचलं जायचं, साठवलं जायचं, पण पाळलं जात नसे. तोवर बांधलेली ॲप्लिकेशनं अचानक अडू नयेत म्हणून अंमलबजावणी मुळात बंद ठेवली गेली, आणि आजही ती तशीच आहे. ज्याला हवी त्याने आपल्या कनेक्शनवर चालू करायची. ही निवड डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहिली जात नाही. कनेक्शन बंद झालं की तीही गेली.

म्हणजे इतके दिवस आम्ही स्कीमा वाचून निर्धास्त होतो. नियम स्कीमात लिहिलेला असला तरी तो पाळायचा की नाही हे कनेक्शन ठरवतं, आणि कनेक्शन उघडतो ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी.

५ मार्च

एक ओळ घातली, प्रॅग्मा ऑन. टेस्ट चालवली. मोजमापं मागे राहिलीच.

ही ओळ कनेक्शन उघडल्यावर घातली होती, पण "कोणी उघडलं" ही लॉगमधली नोंद घालण्याच्या नंतर. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम पायथनमध्ये आहे. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल, मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर, पहिल्या इन्सर्टच्या आधी स्वतःच ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सुरू करतं. आणि ट्रान्झॅक्शन चालू असताना हा प्रॅग्मा काहीच करत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, ओळ नुसती पुढे जाते.

ओळ वर नेली, टेस्ट पास झाली. पण सिंक करणारा थ्रेड स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडतो, तिथे अजून ०. आता कनेक्शन उघडण्याची जागा कोडमध्ये एकच ठेवली आहे. तिथून बाहेर पडणारं प्रत्येक कनेक्शन आधी प्रॅग्मा लावतं आणि मग तोच परत वाचून बघतं. वाचल्यावर तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात: १, ०, किंवा काहीच नाही. एकही रो आली नाही, तर त्या लायब्ररीच्या बिल्डमध्ये फॉरिन कीचा आधारच नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात "० असेल तर थांब" एवढंच होतं, तिसरी शक्यता त्यातून निसटली असती. आता "१ नसेल तर थांब" असं लिहिलं आहे.

७ मार्च

अहवालाचा प्रोग्रॅम जावात आहे आणि पुढे अँड्रॉइडवर जायचं आहे, म्हणून इतर ड्रायव्हर काय करतात ते आजच बघून ठेवलं.

जावाच्या प्रचलित एसक्यूलाइट ड्रायव्हरमध्ये कॉन्फिग ऑब्जेक्टवर फॉरिन की सक्तीची करता येते किंवा कनेक्शनच्या पत्त्यातच तसं लिहिता येतं. डॉटनेटमध्ये कनेक्शन स्ट्रिंगला "फॉरिन कीज" असा स्वतंत्र शब्द आहे. नोडच्या बेटर-एसक्यूलाइट३ मध्ये ती आपोआप चालू असते, कारण त्यांनी लायब्ररीच तशी कंपाइल केली आहे. गोमध्ये दोन प्रसिद्ध ड्रायव्हर आहेत आणि दोघांत ही गोष्ट लिहायची पद्धत वेगळी. एकाची स्ट्रिंग दुसऱ्याला दिली तर की चालू होईल असं धरून चालू नये. ड्रायव्हर बदलणाऱ्याला वाटतं की फक्त इम्पोर्टची ओळ बदलली. बदललेली असते ती डेटाची हमी.

अँड्रॉइडची पद्धत मला सगळ्यांत आवडली. फॉरिन की चालू करायची स्वतंत्र मेथड आहे, ती कॉन्फिगरच्या टप्प्यावर बोलवायची, आणि ट्रान्झॅक्शन चालू असताना बोलवली तर ती एक्सेप्शन फेकते. ५ मार्चचा दिवस मला तिथे घालवावा लागला नसता.

जेडीबीसी हा जावाचा डेटाबेसशी बोलायचा ठरलेला मार्ग. त्याच्या मेटाडेटात (टेबलांच्या रचनेच्या माहितीत) "इम्पोर्टेड कीज" मागितल्या तर कोणत्या टेबलाची कोणती की, क्रम काय, पुसल्यावर कॅस्केड की आणखी काही, सगळं नीट मिळतं. ओडीबीसी या तशाच दुसऱ्या मार्गातही त्यासाठी फंक्शन आहे. मी मुद्दाम प्रॅग्मा बंद असलेल्या कनेक्शनवरून विचारलं. उत्तर अक्षरशः तेच आलं: की आहे, नियम कॅस्केड. मेटाडेटा फक्त लिहिलेलं सांगतो. आमच्या जुन्या "फॉरिन की आहे का" या टेस्टचा आधार हाच होता, म्हणून ती वर्षभर पास होत राहिली.

१० मार्च

साफसफाई. की चालू केल्याने जुन्या रो तपासल्या जात नाहीत, त्यासाठी फॉरिन की चेक हा वेगळा प्रॅग्मा आहे. तो प्रत्येक चुकीच्या रोसाठी चार गोष्टी देतो: कोणतं टेबल, रोआयडी (रोचा अंतर्गत क्रमांक), कोणत्या टेबलाकडे बोट आहे, आणि त्या टेबलावरची कितवी फॉरिन की. २,३०७ बरोबर जुळले. पुसल्या नाहीत, बाजूच्या टेबलात हलवल्या. कुणीतरी यंत्रासमोर उभं राहून घेतलेली मोजमापं आहेत ती.

परकी आई मिळालेल्या रोंना हा प्रॅग्मा ओळखत नाही, ओळखूच शकत नाही. तिथे वेळच कामाला आली: मोजमापाची वेळ तपासणीच्या निर्मितीपूर्वीची असेल तर संशय. ४१ सापडल्या. मीटरचा क्रमांक आणि मोजमापाचा प्रकार लावून बघतो आहोत की मूळ यंत्र कोणतं.

१२ मार्च

की चालू झाल्यावर पहिला मोठा अपघात, नशिबाने टेस्ट डेटावर. सिंक झालं की तपासण्या जागेवर आणि मोजमापं गायब.

सिंकमध्ये सर्व्हरकडून आलेली तपासणी "इन्सर्ट ऑर रिप्लेस"ने लिहिली जाते. नावावरून वाटतं की असलेली रो बदलली जाते. प्रत्यक्षात क्रमांक जुळला की जुनी रो आधी पुसली जाते आणि मग नवी घातली जाते. फॉरिन की बंद असेपर्यंत हे पुसणं कुणाला जाणवलं नाही, कारण मोजमापं जागीच राहायची आणि नव्या रोला तोच क्रमांक असल्यामुळे पुन्हा जुळायची. आता कॅस्केड खरंच चालतो. तपासणी अर्ध्या क्षणासाठी पुसली गेली, तेवढ्यात मोजमापं गेली. मायएसक्यूएलमधल्या रिप्लेसचंही हेच.

उपाय म्हणजे खरा अपसर्ट, "ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट". तो रो न पुसता बदलतो. एसक्यूलाइटमध्ये तो २०१८ मध्ये, ३.२४.० पासून आला. ग्राहकांच्या लॅपटॉपवर कोणती लायब्ररी आहे ते तपासायला घेतलं, कारण पायथन कधीकधी सिस्टिमची लायब्ररी वापरतो आणि ती जुनी असू शकते.

चुकीच्या सवयी बंद कीच्या आडोशाला कशा सुखाने नांदत होत्या, ते एकेक करून दिसतंय.

१३ मार्च

क्रमांक पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून तपासण्यांच्या टेबलाला ऑटोइन्क्रिमेंट हवं. एसक्यूलाइटमध्ये ते असलेल्या टेबलाला नंतर लावता येत नाही, टेबल नव्याने बांधावं लागतं: नवं टेबल, डेटा कॉपी, जुनं ड्रॉप, नव्याला जुनं नाव.

हे बदल करणारं मायग्रेशन चालवलं. शेवटी फॉरिन की चेक: शून्य चुका. समाधानाने फाइल उघडली, तर मोजमापांच्या टेबलात एकही रो नाही.

फॉरिन की चालू असताना एसक्यूलाइट टेबल ड्रॉप करण्याआधी त्यातल्या सगळ्या रो आतल्या आत डिलीट करतं. डिलीट म्हटलं की कॅस्केड आलंच. तपासण्यांची प्रत नव्या टेबलात सुखरूप होती, मोजमापं मात्र जुन्या टेबलाबरोबर गेली. आणि चेक शून्य चुका दाखवणारच, कारण चुकायला रोच उरली नव्हती. या एका शून्यावर विसावून मी घरी गेले असते तर, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

बरोबर क्रम असा बसला: ट्रान्झॅक्शनच्या बाहेर प्रॅग्मा बंद, मग ट्रान्झॅक्शन सुरू, टेबल बदलणं, फॉरिन की चेक, दोन्ही टेबलांतल्या रोंची संख्या आधीच्या संख्येशी ताडणं, कमिट (बदल पक्के करणं), आणि मग प्रॅग्मा पुन्हा चालू करून वाचून बघणं. आधी ट्रान्झॅक्शन सुरू करून मग प्रॅग्मा बंद केला तर तो बंद होतच नाही, आणि आजचा प्रकार पुन्हा घडतो. मायग्रेशन चालवणारी बहुतेक साधनं स्वतःच आधी ट्रान्झॅक्शन उघडतात, म्हणून हे मायग्रेशन त्यांच्या नेहमीच्या वाटेने नेलेलं नाही.

आणखी एक बारकावा: ऑटोइन्क्रिमेंट सर्वांत मोठा वापरलेला क्रमांक वेगळ्या सीक्वेन्स टेबलात ठेवतं, पण त्याला माहीत असतात ते फक्त कॉपी झालेले क्रमांक. आधीच पुसलेले मोठे क्रमांक त्याला कसे कळणार? बाजूला काढलेल्या मोजमापांतला सर्वांत मोठा तपासणी क्रमांक बघून सीक्वेन्स हाताने तिथपर्यंत नेला.

१७ मार्च

मायएसक्यूएलचं इन्स्टॉलेशन. टेबल तयार करतानाचं वाक्य आमच्याकडे आहे, त्यात फॉरिन की आहे. डेटाबेसला टेबलाची व्याख्या विचारली तर त्यात की नाही. इंजिन, म्हणजे टेबल प्रत्यक्ष साठवणारा भाग, मायआयसॅम. हे इंजिन फॉरिन कीचं वाक्य स्वीकारतं आणि सोडून देतं. मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं, पण या टेबलांची फाइल त्याहून जुन्या काळापासून पुढे आलेली. एसक्यूलाइटमध्ये की लिहिलेली तरी असते. इथे तीही उरलेली नाही, त्यामुळे मेटाडेटाच्या चौकशीत इथली उणीव लगेच सापडते.

इनोडीबीवर नेलं. नेताना अनाथ रोंमुळे की लागेना, त्या आधी काढल्या. मग आयातीची स्क्रिप्ट वाचली. तिच्या सुरुवातीला फॉरिन की चेक्स हे सेशन व्हेरिएबल (त्या कनेक्शनपुरती सेटिंग) ०, शेवटी १. मध्ये एरर आली तर शेवटची ओळ चालतच नाही, आणि कनेक्शन ० घेऊनच पूलमध्ये (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) परत जातं. पूल ते पुढच्या माणसाच्या हाती देतो. त्या बिचाऱ्याने काही बंद केलेलं नसतं, तरी त्याच्या रो तपासल्या जात नाहीत. शिवाय नंतर १ केल्याने मधल्या काळात शिरलेल्या रो तपासल्या जात नाहीत.

आयातीसाठी पूलबाहेरचं वेगळं कनेक्शन, काम झालं की बंद. आणि टेबलं पॅरेंट (तपासण्यांसारखं) आधी, चाइल्ड (मोजमापांसारखं) नंतर या क्रमाने भरली तर चेक बंद करायची गरजच पडत नाही. आजच्या आयातीत पडली नाही.

१९ मार्च

पोस्टग्रेसमध्ये की नेहमी चालूच, त्यामुळे इथे काम नसेल असं वाटलं होतं. पण एक की डिफर्ड आहे, म्हणजे तपासणी कमिटच्या वेळी. आमचा कोड एरर पकडतो ती इन्सर्टभोवती. कमिट वर कुठेतरी होतं, तिथे आलेली एरर "अनपेक्षित बिघाड" म्हणून लॉगमध्ये जाते आणि वापरणाऱ्याला पांढरा पडदा दिसतो.

त्यातही दोघांचं वागणं वेगळं. पोस्टग्रेसमध्ये कमिट अडलं की ट्रान्झॅक्शन रोलबॅक होऊन, म्हणजे सगळे बदल रद्द होऊन, संपतं. एसक्यूलाइटमध्ये कमिट नाकारलं जातं आणि ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. चूक दुरुस्त करून पुन्हा कमिट करता येतं, किंवा आपण रोलबॅक करायचं. आमच्या कोडने दोन्ही केलं नव्हतं, त्यामुळे लॅपटॉपवर लॉक धरून ठेवलेलं कनेक्शन राहायचं. महिनाभर "डेटाबेस लॉक्ड" च्या ज्या तक्रारी येत होत्या, त्यांतल्या काहींचं मूळ इथे आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत डिफर्ड प्रकारच नाही, तपासणी लगेच होते.

एररचा एकच प्रकार वरच्या कोडला द्यायचा म्हणून क्रमांक जमवले. पोस्टग्रेस २३५०३ देतं आणि सोबत कन्स्ट्रेंटचं (मोडलेल्या नियमाचं) नावही. मायएसक्यूएल १४५२ देतं पॅरेंट नसेल तेव्हा, १४५१ चाइल्ड असलेली रो पुसायला गेलं तेव्हा. एसक्यूलाइट ७८७, पण कन्स्ट्रेंटचं नाव नाही. त्याचं कारण समजल्यावर राग गेला: आत फक्त उल्लंघनांची मोजणी चालते, वाक्य संपताना ती शून्यावर आली की सगळं ठीक, नाही तर एरर. कोणत्या कीमुळे मोजणी वाढली हे लक्षात ठेवलेलंच नसतं. रिस्ट्रिक्ट (चाइल्ड असेल तर पॅरेंट पुसू न देणं) लावलेल्या कीवर मात्र आमच्या आवृत्तीत १८११, म्हणजे ट्रिगरचा क्रमांक आला, मजकूर तोच. फक्त ७८७ बघितला असता तर ही एरर हुकली असती.

२१ मार्च

चाइल्डच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे रो पटकन शोधायची सूची. इनोडीबी तो स्वतः बनवतं. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस बनवत नाहीत. इंडेक्स नसेल तर एक तपासणी पुसताना मोजमापांचं पूर्ण टेबल चाळलं जातं. दोन्हीकडे घातला. काम झालं.

२४ मार्च

प्रॅग्मा वाचून १ आला यावर आता मला पुरेसा विश्वास नाही. म्हणून तिन्ही डेटाबेसना चालेल अशी एकच टेस्ट लिहिली: ट्रान्झॅक्शन उघडायचं, कधीच नसेल अशा तपासणी क्रमांकाचं एक मोजमाप घालायचा प्रयत्न करायचा, आणि नकार आला पाहिजे. आला नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. दोन्ही बाबतीत शेवटी रोलबॅक. डिफर्ड की असेल तर नकार इन्सर्टला येणार नाही, म्हणून टेस्ट मोजमापांच्या कीवर आहे, जी लगेच तपासली जाते. दुसरा भाग: पॅरेंट घाल, चाइल्ड घाल, पॅरेंट पूस, चाइल्ड मोज. शून्य पाहिजे.

मुद्दाम प्रॅग्मा काढून चालवली. लाल. परत लावला, हिरवी.

२६ मार्च

४१ पैकी ३८ मोजमापांचं मूळ यंत्र मीटर क्रमांकावरून ठरलं. ती ज्या यंत्राची होती त्याच्या "पुसलेल्या तपासण्या" या यादीखाली लावली. उरलेल्या तिघांचा मीटर दोन यंत्रांवर वापरला जायचा, आणि दोन्ही तपासण्या त्याच दुपारच्या. ती तीन मोजमापं कुठल्याच यंत्राच्या नावावर घातली नाहीत. वेगळ्या रंगात, "यंत्र अनिश्चित" अशा शेऱ्यासह ठेवली आहेत.

दुपारी सहकारीने पुन्हा ४११७ उघडली. तीन मोजमापं, तिन्ही बेअरिंगच्या तापमानाची. मग तिने नवी तपासणी भरली, पुसली, पुन्हा भरली. दर वेळी क्रमांक पुढचा.